पाऊस कुणाच्या कर्माचा?



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १४.

मंडळी, श्लोक ओळखीचा आहे. प्राणी अन्नातून जन्मतात, अन्न पावसातून येतं, पाऊस यज्ञातून आणि यज्ञ कर्मातून, अशी साखळी भगवंत अर्जुनाला सांगतात. पूर्वी मी हा श्लोक म्हणून पटकन पुढं जायचे. सप्टेंबर २०२५ पासून तसं होत नाही.

माझं आजोळ परंडा तालुक्यात, सीना नदीच्या अंगाला. आमचा धाराशिव जिल्हा म्हणजे दुष्काळाचा. १९७२ ला खडी फोडून सुकडी खाल्लेली माणसं अजून घरोघरी आहेत. शेजारच्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पावसासाठी देव पाण्यात ठेवणारा हा मुलूख, आणि त्या सप्टेंबरात परंडा-भूमच्या गावांतून माणसं बोटींनी, हेलिकॉप्टरनं काढायची वेळ आली. मामाचं काढणीला आलेलं सोयाबीन गेलं. पण मामी फोनवर पिकाचं बोललीच नाही. "पीक काय, पुढच्या साली येईल गं. रानच गेलं. माती गेली, खाली मुरूम उघडा पडला."

त्याच आठवड्यात पुण्यात एका सत्संगाला गेले होते. हाच श्लोक निघाला. एक काका अगदी शांतपणे म्हणाले, "पाऊस कर्मातून येतो ना? मग तिकडं काहीतरी घडलं असणार. उगाच नाही असं होत." हातात प्रसादाची वाटी होती त्यांच्या. शिऱ्याची. दोघी-तिघींनी माना डोलावल्या. मला राग आला, पण रागापेक्षा प्रश्न जास्त छळत राहिला: भगवंतांनी खरंच असं म्हटलंय का?

असं म्हणायचं तर मग तुकोबांचं काय करायचं? १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको आणि मुलगा अन्नावाचून गेले. त्या घरात कुठलं पाप शोधायचं? काकांचा हिशोब इथं लावून बघा, आपली जीभच उचलत नाही. मग परंड्याच्या शेतकऱ्याबाबत ती इतक्या सहज कशी उचलते? मला वाटतं, तो लांब आहे आणि त्याचं नाव आपल्याला माहीत नाही, एवढंच कारण.

आता चौदावा श्लोक एकटा न वाचता त्याच्या आधीचे दोन वाचा. बाराव्यात म्हटलंय, जे दिलं गेलं ते परत न देता जो भोगतो तो चोर. तेराव्यात त्याहून कडक : जो फक्त स्वतःसाठी शिजवतो तो पापच खातो. म्हणजे इथं पाप शब्द आलाय तो ताटावर बसलेल्या माणसासाठी! ज्याचं रान वाहून गेलं त्याचा इथं उल्लेखसुद्धा नाही. कर्माचा प्रश्न भगवंत खाणाऱ्याला विचारतायत. आणि काका, मी, तुम्ही, आपण खाणारे आहोत.

अगदी शब्दशः घेतलं तरी हेच निघतं. हवा एक अंशानं तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि मग जे कोसळतं ते एकदम कोसळतं. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या भूभागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, हे पुण्यातल्याच आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं. ही हवा कुणी तापवली? सीनाकाठच्या कोरडवाहू शेतकऱ्यानं नक्कीच कमी. आमच्या सोसायटीच्या पार्किंगनं बरीच जास्त.

पंधराव्या शतकातल्या दामाजीपंतांची कथा तुम्ही लहानपणी ऐकली असेल. मंगळवेढा आमच्यापासून फार लांब नाही. दुष्काळ पडल्यावर त्यांनी बादशहाची कोठारं लोकांसाठी उघडली आणि त्याची भरपाई विठ्ठल स्वतः विठू महाराच्या रूपात करून आला, असं सांगतात. या कथेत एक गोष्ट नाही, ती मला आता फार जाणवते. दारात आलेल्याला दामाजीपंत त्याचं कर्म विचारत नाहीत. आधी कोठाराचं दार उघडतात.

एक मैत्रीण मात्र वेगळंच विचारून गेली. तुळजाभवानी भाद्रपद वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत निद्रेत असते. पाऊस त्याच दिवसांत वाढत गेला. "म्हणजे आई झोपली होती म्हणून?" तिनं चेष्टेत विचारलं नव्हतं, म्हणून मीही चेष्टेवारी नेलं नाही. तोच प्रश्न मी मामीला केला. ती म्हणाली, "आई निजली म्हणून घरातल्यांनी पण निजायचं असतं का?"

सरकारनं ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, खरवडलेल्या जमिनीची मदतही त्यात धरली. मदत हवीच. पण माती पैशात येत नाही, ती ट्रॉलीनं आणून पसरावी लागते. तलावातला गाळ आणायचा तर डिझेलला पैसे लागतात, आणि यंदा आमच्या वाचनगटानं नवरात्राच्या महाप्रसादातले निम्मे तिकडं वळवले. काकांनीही दिले, हेही सांगायला हवं.

२२ सप्टेंबरला मामीनं घट बसवला. त्याला शेतातली काळी माती लागते, त्यात धान्य पेरतात. या वेळी ती वरच्या अंगाला असलेल्या भावकीच्या रानातून पाटीभर मागून आणली होती.