चांदणी चंदीला तोंड लावत नाही

चि. भाच्यास,


काल रात्री फोनवर तू तीनदा तेच सांगितलंस, "मामा, चांदणी चंदीला तोंड लावत नाही." ताप किती आहे विचारलं, तर म्हणालास, "कान गरम लागतात." लीद शेवटची कधी टाकली विचारलं, तर "पोराला विचारून सांगतो." तेवढ्यात तुमच्या माथेरानची रेंज गेली. म्हणून हे सगळं लिहून पाठवतोय. कागद ठाणात खुंटीला अडकव. फोनवरचं अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू विसरतोस, हे मला ठाऊक आहे.

पहिली गोष्ट, कान चाचपून ताप कळत नाही. उन्हात उभ्या घोड्याचे कान गरमच असतात आणि भर तापात असलेल्या घोड्याचे कधी कधी गार लागतात. औषधाच्या दुकानातून साधा डिजिटल थर्मामीटर आण आणि त्याला हातभर दोरा बांध. घोडीला सावलीत अर्धा तास उभी करून मगच ताप घे. मागे उभा राहू नकोस, बाजूला मांडीला चिकटून राहा. टोकाला थोडं व्हॅसलिन लाव, शेपूट एका अंगाला धर आणि गुदद्वारात हलक्या हाताने सरकव. नुसत्या लिदीत रुतलं तर आकडा कमी येतो, म्हणून टोक आतल्या भिंतीला टेकू दे. निरोगी घोड्याचा आकडा साडेनव्याण्णव ते एकशे एकच्या थोडा वर, फॅरनहाइटमध्ये. १०२च्या पुढे गेला की ताप समज. १०४ दिसला, तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी डॉक्टरांना फोन लाव.

सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा वहीत लिही. ताप चढता आहे, उतरता आहे, की दोन दिवस सोडून परत येतोय, हे एका आकड्यावरून कळत नाही. चार दिवसांची ओळ समोर असली की डॉक्टरांचं निम्मं काम झालेलं असतं. मी बत्तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. तेवढ्या काळात अशी वही घेऊन आलेले मालक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळे "कान गरम लागतात"वाले.

ताप घेतलास की आणखी चार गोष्टी पाहा. जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला बोट फिरवलंस तर दोरीसारखी रक्तवाहिनी लागेल. पंधरा सेकंद ठोके मोज आणि चारने गुण. शांत उभ्या घोड्याचे अठ्ठावीस ते चव्वेचाळीस हवेत. साठच्या वर म्हणजे घोडी मोठ्या त्रासात आहे. कुशीची हालचाल बघून श्वास मोज, मिनिटाला आठ ते सोळा. वरचा ओठ उचलून हिरडी दाब आणि सोड, पांढरा डाग दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा. हिरडी पिवळी, विटकरी किंवा कागदासारखी पांढरी असेल तर तसंच लिही. शेवटी कुशीला कान लाव. पोट गुरगुरत असेल तर धीर धर. दोन्ही कुशी मुक्या असतील तर धीर धरू नकोस.

आता मूळ तक्रारीकडे येतो. खाता येत नाही आणि खावंसं वाटत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घोडी घमेल्याकडे जाते, घास घेते, चावते आणि ओला गोळा खाली टाकते, असं होत असेल तर दाढांच्या धारदार कडा गालाला लागत असतील. चाऱ्याचे तुकडे नाकातून परत येत असतील तर घास अन्ननळीत अडकलाय, मग पाणीसुद्धा देऊ नकोस. घास बघून तोंडच फिरवते, मान खाली टाकून कोपऱ्यात उभी राहते, तर ते तापाचं काम. तू जे सांगितलंस त्यावरून मला हेच तिसरं वाटतं. पण मी शंभर किलोमीटरवर बसून वाटून घेतोय, तू समोर उभा राहून बघ.

आणि आता ज्याच्यासाठी हा कागद मुख्यतः लिहायला घेतला ते. तिच्या तोंडात जबरदस्तीने काहीही ओतू नकोस. आल्याचा काढा नको, तेल नको, गुळाचं पाणी नको. तुझ्या शेजारचा जाणकार बांबूचं नळकांडं घेऊन येईल, मान वर ओढून धरायला सांगेल. त्याला चहा पाज आणि परत पाठव. घोड्याला उलटी करता येत नाही, गेलेलं परत येत नाही. मान वर ताणलेली, जनावर घाबरलेलं, अशा वेळी काढा अन्ननळी सोडून श्वासनळीत उतरतो.

तुझ्या आजोबांचा मिरज स्टेशनवर टांगा होता, हे तू ऐकलं आहेस. त्यांचा अबलख घोडा कसा गेला, हे तुझ्या आईने बहुतेक सांगितलं नसेल. त्याला दोन दिवस ताप होता आणि चंदी बंद होती. आम्ही मोहरीचं तेल आणि ओव्याचा काढा नळकांड्याने पाजला. मान मीच धरली होती, सोळा वर्षांचा होतो. घोडा खोकला, ठसका लागला, आम्हाला वाटलं औषध लागू पडतंय. तिसऱ्या दिवशी ताप दुप्पट जोराने आला, नाकातून घाण वासाचं पाणी गळू लागलं. आठव्या दिवशी तो गेला. तो मूळच्या तापाने गेला नाही, आमच्या काढ्याने गेला. घोड्याच्या वैद्यकाला आपल्याकडे शालिहोत्र म्हणतात. मोठं नाव आहे, आणि त्या नावावर जो तो आपलं नळकांडं खपवतो.

पोटात काही पोचवायचंच असेल तर डॉक्टर नाकातून थेट जठरापर्यंत नळी घालतात आणि ती बरोबर जागी गेली की नाही, हे पारखून मगच ओततात. ते त्यांचं काम. पण "आपोआप खाईल" म्हणून वाट बघत बसणंही चालणार नाही. लहान चणीचं तट्टू, खेचर, गाढव, अंगाने भरलेली किंवा गाभण घोडी दोन-तीन दिवस पूर्ण उपाशी राहिली, तर अंगातली चरबी रक्तात उतरते आणि यकृत बिघडतं. चांदणी तट्टू आहे आणि गाभण आहे की नाही हे तू अजून मला सांगितलेलं नाहीस.

मग काय द्यायचं? आधी पाणी. शंभर किलो वजनाला दिवसाकाठी साधारण पाच लिटर, तापात जास्तच. बादल्या मोजून ठेव, म्हणजे किती प्यायली ते कळेल. एका बादलीत साधं पाणी, दुसरीत चिमटीने मीठ, कोणतं प्यायचं ते तिला ठरवू दे. घोड्यांच्या स्टँडवरच्या हौदावर नेऊ नकोस, त्याचं कारण पुढे सांगतो. हरभऱ्याची चंदी पूर्ण बंद. ताजं हिरवं गवत, हरळी, मिळाला तर नेरळहून लसूणघास आणव, पण एकदम भारा टाकू नकोस, मूठ मूठ दे. नाक चोंदलं की घोड्याला वास येत नाही, आणि वास आल्याशिवाय घोडा खात नाही. गव्हाचा कोंडा कोमट पाण्यात भिजवून किंचित मीठ घातलंस तर वाफेबरोबर वास वर येतो. तासाभरात खाल्लं नाही तर ते उचल, घमेलं धू, नवीन ठेव. आंबलेल्या कोंड्याकडे मी सुद्धा बघणार नाही. गोळ्या कुस्करून चाऱ्यात मिसळू नकोस. एकदा कडू लागलं की घोडी त्या घमेल्यावर आठवडाभर विश्वास ठेवत नाही. कोंबड्यांचं किंवा गायीचं तयार खाद्य चुकूनही देऊ नकोस. त्यात कधी कधी मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते कोंबडीला चालतं आणि घोड्याचं हृदय बंद पाडतं.

ताप आहे म्हणून झूल घालू नकोस. सावली, वारा आणि ओल्या फडक्याने मान, छाती, पायांच्या आतली बाजू पुसणं पुरे. खरारा एक-दोन दिवस राहू दे, नुसता हात फिरव.

ताप उतरवायच्या सुईची घाईही नको. तुमच्याकडे कुणीतरी माणसांचं डायक्लोफिनॅक टोचतो, मला माहीत आहे. जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, कारण ते टोचलेली ढोरं खाऊन गिधाडं मेली. बाकीची ताप-दुखीची औषधंही पाणी न प्यायलेल्या घोड्याच्या मूत्रपिंडाला आणि जठराला इजा करतात. शिवाय आकडा खाली आला की डॉक्टरांना दाखवायला ताप उरत नाही. आणि रक्त तपासायचं तर ते ताप चढलेला असताना घेतलेलं चांगलं.

रक्त तपासायचा आग्रह मी का धरतोय ते ऐक. पाऊस नुकताच संपलाय, माथेरानच्या जंगलात घोडमाश्या आहेत. त्यांच्या चाव्यातून सर्रा पसरतो. ताप येतो, जातो, परत येतो, घोडं वाळत जातं, पोटाखाली आणि पायांना सूज उतरते, मागचा भाग लटपटतो. त्याचा परजीवी १८८० साली डेरा इस्माईल खानकडे ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याला घोड्या-उंटांच्या रक्तात सापडला. सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा एक थेंब, एवढ्यानेच तेव्हाही काम भागलं आणि आजही बऱ्याचदा भागतं. गोचिडांमुळे होणारा दुसरा एक ताप आहे, त्यात हिरड्या पिवळ्या आणि लघवी गडद होते. दोन्हींची औषधं वेगळी. अंदाजाने टोचायची नव्हेत.

आता हौदाचं. एकाच हौदावर सगळी घोडी पाणी पितात, त्यातून एकाचा आजार दुसऱ्याला लागतो. ताप असेल त्या दिवसापासून तिला तुझ्या बाकीच्या दोन घोड्यांपासून वेगळी बांध, मात्र ते तिला दिसतील अशी. एकटं पडलेलं घोडं आणखी खात नाही. तिची बादली, लगाम, खरारा वेगळा. जबड्याखाली गाठी सुजत असतील तर तो संसर्ग फार झपाट्याने पसरतो. पण ताप आल्यावर एक-दोन दिवसांनीच नाकातून जंतू पडू लागतात, म्हणून बाकीच्या दोघांचा ताप रोज सकाळी घे. त्यांच्यात आकडा चढला की त्याच दिवशी वेगळं काढ, स्टँड वाचेल. आधी निरोगी जनावरांचं काम कर, तिचं शेवटी आणि मग साबणाने हात धू. नाकातून चिकट पिवळा स्राव, नाकाच्या आत व्रण, अंगावर दोरीसारख्या गाठी दिसल्या तर ग्लँडर्सचा संशय घ्यायचा. तो माणसालाही होतो आणि २००९च्या कायद्याने तो सरकारी डॉक्टरांना कळवावाच लागतो. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात त्याची रक्ततपासणी होते. या बाबतीत लपवालपवी करणारे मालक मी पाहिलेत. त्यांच्याशी मी बोलत नाही.

रोज चारही खुरांवर हात ठेव. खूर तापलेले, घोट्यामागे ठोका उडतोय, पुढचे पाय पुढे टाकून टाचांवर भार देते असं दिसलं, तर त्याच क्षणी फोन. तापानंतर खुरांची आग झाली तर घोडी जगली तरी पर्यटक वाहून नेण्याजोगी राहीलच असं नाही.

तुझा खरा प्रश्न तू विचारलाच नाहीस, पण मला तो ऐकू आला. दिवाळीला तीन आठवडे उरलेत, दस्तुरी नाक्यावर गर्दी होईल आणि चांदणीच तुझी सगळ्यात चालती घोडी. श्वासाचा आजार असेल तर तापाच्या एका दिवसाला एक आठवडा विश्रांती, असा हिशेब आहे, आणि ताप उतरला तरी निदान तीन आठवडे. तिला आज धरून तीन दिवस झाले. म्हणजे दिवाळी गेली. ती चढ चढेल, तुला वाटेल बरी झाली, आणि पॉइंटच्या वाटेवर लाल मातीत थांबून खोकायला लागेल. खोगीर काढून घरात ठेव, ठाणात दिसलं की मोह होतो. चंदी-वैरणीचे आणि डॉक्टरांचे पैसे मी पाठवतोय, तुझ्या आईला सांगू नकोस.

डॉक्टर वर यायला वेळ लागला तर १९६२ या जनावरांच्या मदत क्रमांकाला फोन लाव. उद्या सकाळी सहाला ताप, ठोके, श्वास, हिरडीचा रंग, रात्रभरात लीद किती वेळा आणि पाणी किती बादल्या, एवढं मला लिहून कळव. गाभण आहे की नाही तेही.

तुझा,
मामा