बदलाचा अधिकार

वडिलोपार्जित वस्तू जशीच्या तशी जपावी, की कालमानाप्रमाणे तिच्यात फेरफार करावा, हा प्रश्न घराच्या बाबतीत जितका सोपा असतो तितका तो कलेच्या बाबतीत नसतो. पाडलेली भिंत पुन्हा बांधता येते. पण वाद्याचा आवाज एकदा पालटला की मूळचा आवाज कसा होता हे सांगणारे कान फार काळ उरत नाहीत. काश्मीरच्या संतुराची हकीकत पाहिली म्हणजे या प्रश्नाची धार जाणवते.

संतूर म्हणजे अक्रोडाच्या वा तुतीच्या लाकडाची एक पसरट पेटी, एका बाजूस रुंद व दुसऱ्या बाजूस अरुंद. तिच्यावर २५ घोड्या आणि प्रत्येक घोडीवर चार तारा, अशा एकूण १०० तारा. त्यांवर टोकाशी वाकलेल्या दोन हलक्या लाकडी कलमांनी आघात करावयाचा. इराणात त्याचा ७२ तारांचा भाऊबंद आहे. हंगेरीत व चीनमध्येही या कुळातील वाद्ये आहेत. काश्मिरात ते सूफियाना मौसिकीचे वाद्य. गायकांचा मेळा एकत्र बसून फारसी व काश्मिरी पदे गातो. संतूर समोर तिवईवर ठेवलेले असते, आणि शेजारी गजाने वाजणारे साझ-ए-काश्मीर असते.

हे शेजारचे वाद्य मला फार महत्त्वाचे वाटते. संतुराचा स्वर टोला पडताच उमटतो आणि लगेच विरू लागतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणे, ज्याला आपण मींड म्हणतो, ते त्याला स्वभावतःच अवघड. परंतु त्या मेळ्यात त्याच्याकडून ते कोणी मागतच नाही. अखंड स्वर धरावयास गज आहे, माणसांचे कंठ आहेत. संतुराने आपले थेंब टाकावेत, एवढीच अपेक्षा. तेथे या वाद्यात काही उणे आहे असे म्हणणेच विचित्र ठरेल.

उणीव दिसली ती १९५५ साली मुंबईस, हरिदास संगीत संमेलनात. जम्मूचे सतरा वर्षांचे शिवकुमार शर्मा तेथे संतूर घेऊन बसले. वाद्य नवे म्हणून श्रोत्यांना आवडले. परंतु रागसंगीतास ते अपुरे, असे काही जाणकारांचे मत पडले. ही तक्रार मराठी श्रोत्यांस अपरिचित नव्हती. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी ज्या हार्मोनियमला मान मिळवून दिला, तिच्यावरही मींड व श्रुती यांच्याच कारणाने आकाशवाणीने १९४० साली बंदी घातली होती, आणि ती १९७१ पर्यंत उठली नाही. (सरकारी हुकूम निघावयास एक दिवस पुरतो, मागे घ्यावयास तीन दशके लागतात, हे आम्हा कारकुनांस कोणी सांगावयास नको.)

शर्मांनी पुढे वर्षानुवर्षे त्या वाद्यावर काम केले. तारा शंभराहून कमी केल्या, स्वरांची मांडणी बदलली, तिवई काढून वाद्य मांडीवर घेतले आणि कलम तारांवरून अलगद सरकवून स्वर लांबविण्याची युक्ती साधली. १९६७ साली हरिप्रसाद चौरसिया व ब्रिजभूषण काब्रा यांच्याबरोबर त्यांनी केलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका घरोघर गेली. मे २०२२ मध्ये ते मुंबईस वारले, तेव्हा संतूर म्हणजे शर्मा हे समीकरण देशभर रूढ झालेले होते.

आता प्रश्न असा, की हे करण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला? ते सूफियाना घराण्यातले नव्हते. वडील उमादत्त शर्मा हे बनारसच्या परंपरेत तयार झालेले. परक्याने दुसऱ्याची ठेव उचलून तिचा आकार बदलला, असे कोणी म्हणेल. पण भजन सोपोरी तर त्याच परंपरेच्या घरातले. त्यांनीही संतुरास तुंबा जोडला, तरफेच्या तारा बसविल्या. तेव्हा जन्माने वारस असणे किंवा नसणे ही कसोटी येथे चालत नाही. मला स्वतःला वाटते की बदलाचा अधिकार परिश्रमातून येतो. वाद्य काय करू शकत नाही हे ज्याने रोजच्या रियाजात सोसले, त्याने त्यात हात घालावा. दूर बसून ‘शुद्धता राखा’ असे सांगणाऱ्याने मात्र काहीच सोसलेले नसते. परप्रांतात मुलांच्या मराठीवर नाक मुरडणारे पाहुणे आपल्या परिचयाचे आहेतच.

एवढे म्हणूनही मन पुरते निवत नाही, कारण नाव एकच राहिले आहे. कचेरीत मूळ मसुद्यातील एकेक वाक्य बदलत जाते आणि फाइलचा क्रमांक मात्र तोच राहतो, तसे. बौद्ध वाङ्मयात एका राजाची गोष्ट आहे. वीणेच्या नादाने मोहून त्याने तो नादच आणावयास सांगितले; सेवकांनी वीणा आणली, तेव्हा त्याने ती फोडून तिचे शंभर तुकडे केले, आणि नाद न सापडल्याने वीणेलाच क्षुद्र ठरविले. आपण श्रोते काही वेळा त्याच राजासारखे वागतो. नव्या संतुराला ‘सुधारलेले’ म्हणताना जुने ‘बिघडलेले’ होते असे न कळत बोलून जातो, आणि जे त्याच्याकडे कधी मागितलेच गेले नव्हते त्याच्या अभावाबद्दल त्याला दोष देतो. शर्मांनी जुन्याची निंदा करण्याची काही गरज नव्हती. ती गरज आपल्या कौतुकाला असते. जुने १०० तारांचे संतूर सूफियानाच्या मेळ्यात आपले काम करीतच होते. त्याला ऐकणारे थोडे राहिले, हा त्याचा अपराध कसा?

आणि या वादात ज्याचे नावही निघत नाही तो वाद्य घडविणारा. लाकूड निवडणे, ते पुरते वाळू देणे, पेटी सांधणे, प्रत्येक घोडी अशा उंचीची कोरणे की चारही तारा एकच स्वर बोलतील, हे सारे त्याच्या हाती. श्रीनगरच्या झैना कदल भागातील गुलाम मोहम्मद झाझ यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली; पिढ्यान्‌पिढ्या वाद्ये करणारे त्यांचे घराणे, आणि काश्मिरातील हाताने संतूर घडविणाऱ्यांत शेवटचे म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. जुने संतूर हवे असो की नवे, लाकडाला रंधा लावणारा कोणीतरी आधी हवा. अधिकार कोणाचा, यावर आम्ही लेख लिहितो. तो रंधा कोणी शिकावा, यावर लिहिलेले फारसे वाचनात येत नाही.