कुठले पवार?

कॉलेज सुरू झालं की पहिले आठ-दहा दिवस वर्गात फळ्याकडे कोणी बघत नाही. सगळे एकमेकांकडे बघत असतात आणि आपण बघत नाही असं दाखवत असतात. पहिल्या बाकावर कोण जाऊन बसलं, कोणाची सॅक नवी कोरी आहे, सरांनी विचारल्यावर कोण इंग्रजीत फाडफाड बोललं आणि कोण 'ॲक्चुअली'पाशीच अडकलं, डबा कोण आणतं आणि कॅन्टीनचं बिल कोण काढून देतं. आठवड्याच्या आत शिक्के मारून झालेले असतात : घासू, शिष्ट, काकूबाई, चालू, हायफाय, गावठी. यातले काही पुढे तीस वर्षं पुसले जात नाहीत. पन्नाशीला आलेल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखादा जिल्हा न्यायाधीश आजही 'चंपक'च असतो.

या बघण्याचं आपल्याकडे कौतुकही फार. कट्टा ही तर खास त्यासाठी बांधलेली जागा. रुईयाचा नाका असो की फर्ग्युसनचा रस्ता, येणाऱ्या-जाणाऱ्याला एका वाक्यात पकडणाऱ्याला तिथे मान असतो. सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'नंतर तर कट्ट्याला कादंबरीच्या नायकाची प्रतिष्ठा मिळाली. वर्षाअखेरीच्या स्नेहसंमेलनात याच नजरेचा जाहीर निकाल लागायचा. त्याला फिशपॉन्ड म्हणत, जुनी मंडळी शेलापागोटे म्हणत. नोटीसबोर्डाशेजारी एक खोका ठेवलेला असे. त्यात निनावी चिठ्ठ्या पडत आणि स्टेजवरून त्या वाचल्या जात. बहुतेकदा सिनेमाच्या गाण्याची एखादी ओळ आणि खाली नाव. टाळ्या कशाला पडल्या ते पाहिलं की वर्गाचं कोणाबद्दल काय मत झालंय ते कळे. मुलींच्या वाट्याला आलेल्या चिठ्ठ्या पुष्कळदा पाचकळ असत. पण कट्ट्यावर बसायचं कोणी आणि कट्ट्यासमोरून मान खाली घालून लायब्ररीत जायचं कोणी, हे आधीच ठरलेलं होतं, तिथे चिठ्ठ्या वेगळ्या कशा असतील?

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. कट्ट्यावरून माणूस दिसतो हे मला मान्य नाही. पहिल्या आठवड्यात आपण जे वाचतो तो चेहरा नसतोच. ते असतं आडनाव, माध्यम आणि तालुका.

नव्या वर्गातला पहिला प्रश्न 'नाव काय?' आणि दुसरा 'पूर्ण नाव?' खरा प्रश्न दुसरा. समोरच्याने जोशी, कर्वे, कांबळे असं काही सांगितलं की विचारणारा मनातल्या मनात कप्पा उघडून ते नाव आत टाकतो. कर्वे कोण ते बरोबर निघतं, जोश्यांच्या बाबतीत फसायची शक्यता असते. पण पवार, जाधव, चव्हाण, शिंदे, गायकवाड ही आडनावं इतक्या जातींमध्ये वाटली गेली आहेत की खेळ तिथेच अडतो. मग पुढचा प्रश्न येतो, 'कुठले पवार?' वरकरणी गावाची चौकशी. तालुका सांगून भागलं नाही तर 'वडील काय करतात?', तेही पुरलं नाही तर 'आईचं माहेर कुठलं?' हे सगळं हसतखेळत, वडापाव खाताना चाललेलं असतं आणि विचारणाऱ्याला आपण काही गैर विचारतोय असं वाटतही नाही. ज्याला विचारलं जातं त्याला मात्र रोख दुसऱ्या प्रश्नालाच कळलेला असतो.

अलीकडे तर तेवढाही शिष्टाचार उरलेला नाही. इंजिनीअरिंगच्या कॅप राऊंडच्या याद्या जाहीर होतात. त्यात उमेदवाराचं नाव असतं, मेरिट क्रमांक असतो आणि प्रवर्गही असतो. पारदर्शकतेसाठी ते योग्यच आहे. पण तीच पीडीएफ कॉलेज उघडायच्या आधी वर्गाच्या ग्रुपवर फिरते आणि एकमेकांचं तोंडही न पाहिलेली मुलं एकमेकांविषयी मत बनवून मोकळी होतात. कॉलेज संपल्यावरही आडनाव पाठ सोडत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांकडे पाठवले होते. ते काम २००७ साली प्रसिद्ध झालं. दलित आणि मुस्लिम नावाच्या अर्जदारांना पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण हिंदू नावांपेक्षा कमी निघाली. तिथे तर चेहरा बघायलाही कोणी नव्हतं.

आधी ऐकलेली एखादी गोष्ट पुढचं सगळं बघणं कसं रंगवते, याचा एक जुना प्रयोग वर्गातलाच आहे. हॅरॉल्ड केली यांनी १९५० साली तो प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये एका वर्गावर नवे व्याख्याते येणार होते. त्यांची ओळख करून देणाऱ्या चिठ्ठ्या विद्यार्थ्यांना आधी वाटल्या. मजकूर सगळा सारखा, फक्त निम्म्या चिठ्ठ्यांत गृहस्थ मायाळू असल्याचं लिहिलेलं आणि निम्म्यांत काहीसे कोरडे. एकच माणूस, एकच खोली, एकच वीस मिनिटं. 'मायाळू' वाचलेल्यांनी त्यांना जास्त गुण दिलेच, शिवाय चर्चेतही त्यांच्यातले ५६ टक्के बोलले. 'कोरडे' वाचलेल्यांपैकी बोलले ३२ टक्के. म्हणजे मत नुसतं मनात राहत नाही. आपण गप्प बसतो, आपण गप्प म्हणून समोरचाही आखडतो आणि मग 'बघ, मी म्हटलंच होतं' म्हणायला आपण मोकळे.

इथे कोणीतरी नलिनी अंबाडींचं नाव काढणारच. जन्माने कोलकात्याच्या आणि हार्वर्डमध्ये संशोधन केलेल्या या बाईंनी रॉबर्ट रोझेन्थाल यांच्यासोबत १९९३ मध्ये दाखवलं की प्राध्यापकाची आवाज बंद केलेली अर्ध्या मिनिटाची चित्रफीत पाहून अनोळखी माणसं जे गुण देतात, ते सत्राच्या शेवटी त्याच्याच विद्यार्थ्यांनी दिलेल्या गुणांशी बरेच जुळतात. हा निष्कर्ष 'पहिली नजर खरी ठरते' असा सांगत फिरणारे पुष्कळ आहेत. मला तो तसा वाटत नाही. जुळलं काय, तर काही लोकांची आवड दुसऱ्या काहींच्या आवडीशी. सर किती शिकवून गेले, हे तिथे कोणी मोजलं नव्हतं. पहिल्या नजरेला लोकमत कळतं एवढं मात्र त्यातून नक्की दिसतं, आणि फिशपॉन्डही तेच सांगत होते.

मग वर्गातला माणूस कळतो कुठे? प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये. आणि बॅच पडते आडनावावरून.

कॉलेजच्या ऑफिसातला क्लार्क आडनावं इंग्रजी अक्षरक्रमाने लावतो आणि वीस-वीसचे तुकडे पाडतो. कदम, काळे, कांबळे, कानडे, कर्वे एकामागोमाग येतात. ज्या आडनावावरून कट्टा माणसं वेगळी काढतो, त्याच आडनावावरून हा क्लार्क ती एकत्र बसवतो. त्याच्या मनात समाजसुधारणा वगैरे काही नसते, त्याला साडेपाचची लोकल गाठायची असते. पण वर्षभर दर आठवड्याला दोन-तीन तास कांबळे आणि कानडे एका टेबलाशी उभे राहतात ते त्याच्यामुळे.

टायट्रेशनच्या टेबलाशी काय होतं ते बघा. एकाचा हात ब्युरेटच्या तोटीवर, दुसऱ्याच्या हातात फ्लास्क. खाली पांढरी टाइल. फिका गुलाबी रंग टिकला की थांबायचं, एक थेंब जास्त गेला की गडद गुलाबी आणि सगळं पहिल्यापासून. पहिलं रीडिंग ९.८, दुसरं ९.८, तिसरं १०.३. घंटा व्हायला दहा मिनिटं आहेत. आता एक जण म्हणतो, 'लिही रे ९.८च, कोण बघतंय!' आणि दुसरा काही न बोलता फ्लास्क धुवायला बेसिनकडे जातो. नंतर ब्युरेटचं टोक तुटतं आणि डिपॉझिटमधून ब्रेकेज कापायची वेळ येते, तेव्हा कोण पुढे होतो आणि कोण खिडकीबाहेर बघतो, तेही दिसतं. घासू म्हणून ज्याची टिंगल झाली तो स्वतःचं जर्नल रात्रीपुरतं विनातक्रार देतो. शिष्ट म्हटलेली मुलगी फक्त लाजाळू निघते. आणि कट्ट्यावर सगळ्यांना हसवणारा वल्ली पार्टनर म्हणून अगदी कुचकामी असतो, हेही तिथेच कळतं. सगळेच शिक्के खोटे ठरत नाहीत. काही जण पहिल्या दिवशी आगाऊ दिसतात आणि शेवटपर्यंत आगाऊच राहतात.

अक्षरक्रमाची ही करामत जगात इतरत्रही दिसली आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात खोल्या आणि बाकं आडनावाच्या क्रमाने दिली जात. मॅडी सेगल यांनी १९७४ साली दाखवलं की प्रशिक्षणार्थींची मैत्रीही बरीचशी त्याच क्रमाने झाली होती. आपल्याला जास्त जवळचं उदाहरण दिल्लीचं. सवलतीत जमीन मिळालेल्या तिथल्या खासगी शाळांना २००७ पासून गरीब घरांतल्या मुलांसाठी जागा राखून ठेवाव्या लागल्या. काही शाळांमध्ये अभ्यासाचे गट मुलांच्या नावाच्या अक्षरक्रमाने पडत, त्यामुळे कोणत्या श्रीमंत मुलाच्या गटात गरीब मूल आलं हा निव्वळ योगायोग होता. अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी त्याचा उपयोग करून घेतला. गरीब वर्गमित्र लाभलेली श्रीमंत मुलं जास्त उदार झाली आणि रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडताना गरीब मुलांना कमी डावलू लागली. इंग्रजीचे गुण किंचित घसरले, हेही त्यांनी नोंदवलंय. मात्र नुसतं एकत्र आणून भागत नाही. मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात तरुणांच्या क्रिकेट लीग भरवून पाहिल्या. वेगवेगळ्या जातींची मुलं एकाच संघात खेळली तेव्हा जातीपलीकडच्या मैत्र्या वाढल्या, एकमेकांविरुद्ध खेळली तेव्हा उलटंच झालं. प्रॅक्टिकलची बॅच म्हणजे एकच संघ. रीडिंग दोघांचं, आणि चुकलं तर ओरडाही दोघांना.

हाच संघ आता मोडत चाललाय. अकरावी-बारावीची कितीतरी मुलं नाव एका कॉलेजात घालून दिवसभर क्लासमध्ये बसतात. तिथे सगळ्यांची तोंडं स्क्रीनकडे आणि शेजारचा म्हणजे टेस्टच्या यादीतला प्रतिस्पर्धी. जर्नल आयतं लिहून मिळतं. वर्गमित्राची पहिली ओळख इन्स्टावरची आणि पुष्कळदा शेवटचीही तीच.

आणि जिथे बॅचा पडतात तिथेही क्लार्कच्या पद्धतीला एक मर्यादा आहेच. जळगाव किंवा कोल्हापूरच्या एखाद्या कॉलेजात 'पी' अक्षराची बॅच बघावी. पाटील, पाटील, पाटील, पाटील. सर हजेरी घेताना आडनावाचा नाद सोडून नंबर पुकारतात, आणि टेबलाटेबलांवर 'कुठले पाटील?' सुरू होतं. त्यापेक्षा दिल्लीच्या शाळांसारखी पहिल्या नावावरून बॅच पाडावी, असं मला वाटतं. अमृता, अनिकेत, अन्सार, अश्विनी एका टेबलाशी येतील. एखाद्या वर्षी सगळेच आदित्य एका बॅचमध्ये सापडतील, पण 'कुठले आदित्य?' असं विचारून कोणाला काही कळायचं नाही. क्लार्कची एक अडचण होईल खरी. त्याच्या एक्सेलमध्ये आडनाव पहिल्या रकान्यात असतं, आणि तो रकाना हलवायचा तर प्राचार्यांची सही लागते.