पाण्यात काय मिसळलंय?

राहाता, लोणी, शिर्डी या पट्ट्यात कालव्याचं आवर्तन लांबलं आणि विहिरीने तळ दाखवला की गाडी बोअरवर येते. बोअर घेतलेला असतो काळ्या कातळात. पाण्याची चीर कधी हातभर बाजूने गेलेली असते, कधी मातीने बुजलेली. अशा कोरड्या पडत चाललेल्या बोअरवर एक उपाय आहे, हायड्रोफ्रॅक्चरिंग. बोअरमध्ये ठरावीक खोलीवर पॅकर बसवून तोंड बंद करायचं आणि त्याखाली मोठ्या दाबाने पाणी कोंबायचं. चिरा उघडतात, अडकलेली माती धुऊन निघते, पाणी वाढतं. आपल्या राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेनेही गावोगावच्या विंधन विहिरींसाठी ही पद्धत वापरली आहे. आत जातं ते निव्वळ पाणी. त्यामुळे त्या बोअरचं पाणी प्यायला कोणी कचरत नाही.

अमेरिकेत नैसर्गिक वायूसाठी जे ‘फ्रॅकिंग’ चालतं, ज्यावरून तिथे गावंच्या गावं कोर्टात गेली, त्याचं मूळ तंत्र हेच आहे. खडक फोडायचा तो पाण्याच्या दाबानेच. खोली मात्र दीड-दोन किलोमीटर किंवा त्याहून जास्त, आणि पाण्यासोबत वाळू व रसायनं. चिरा उघड्या राहाव्यात म्हणून वाळू, पाइपात जिवाणू वाढू नयेत म्हणून ग्लुटाराल्डिहाइडसारखी जंतुनाशकं, शिवाय हायड्रोक्लोरिक आम्ल, मिथेनॉल, घर्षण कमी करणारी द्रव्यं. कंपन्या सांगतात की रसायनांचं प्रमाण जेमतेम अर्धा ते दोन टक्के असतं. ते खरंही आहे. पण एका विहिरीला एक कोटी लिटर पाणी लागलं, तर त्यातला एक टक्का म्हणजे एक लाख लिटर. पाण्याचे दहा टँकर डोळ्यांसमोर आणा, म्हणजे या एका टक्क्याचा अंदाज येईल. विहिरीत कोंबलेल्यातलं काही पाणी पुन्हा वर येतं, तेव्हा खोल खडकातलं मीठ, बेंझीन, कधी किरणोत्सारी रेडियमही घेऊन येतं. विहिरीवर वाळू हाताळणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसात सिलिकाची धूळ जाते ती वेगळीच.

तंत्र एकच असूनही आपला बोअर निर्धोक आणि त्यांची विहीर धोक्याची, असं का? दाबाने माणूस आजारी पडत नाही. आजारी पडतो तो पाण्यात मिसळलेल्या वस्तूने. म्हणून पहिला प्रश्न आहे, काय मिसळलं? नेमकं याच प्रश्नाचं उत्तर तिथे वर्षानुवर्षं मिळालं नाही. २००५ च्या ऊर्जा कायद्याने फ्रॅकिंगला पिण्याच्या पाण्याच्या सुरक्षेच्या केंद्रीय कायद्यातून जवळजवळ पूर्ण सूट दिली, आणि मिश्रणाचा फॉर्म्युला म्हणजे धंद्यातलं गुपित असं म्हणून कंपन्यांनी तोंड बंद ठेवलं. थिओ कोलबॉर्न या शास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांसह वायू-उद्योगात वापरली जाणारी ९४४ उत्पादनं तपासायला घेतली. २०११ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. जवळजवळ ४३ टक्के उत्पादनांच्या घटकांपैकी एक टक्काही माहिती त्यांना मिळू शकली नव्हती. ज्या ३५३ रसायनांची ओळख पक्की पटली, त्यांतली तीन-चतुर्थांशांहून जास्त त्वचा, डोळे, श्वास आणि पचन यांवर परिणाम करू शकणारी होती. ही झाली नाव कळलेल्यांची गोष्ट.

नाव न कळण्याची किंमत काय असते? २००८ साली कोलोरॅडोतल्या एका इस्पितळात वायूविहिरीवरचा कामगार आला, कपडे रसायनाने भिजलेले. त्याच्यावर उपचार करणारी परिचारिका काही दिवसांत स्वतःच अत्यवस्थ झाली. तिच्या अंगात काय गेलंय हे डॉक्टरांनी विचारलं, तर पूर्ण घटक सांगायला कंपनीने नकार दिला. पुढे पेनसिल्व्हेनियाने २०१२ मध्ये कायदा केला, तो असा, की डॉक्टरला घटक कळतील, पण गुप्तता पाळण्याची हमी देऊन. रोग्याच्या रक्तात काय आहे ते शेजारच्या डॉक्टरलाही सांगायची चोरी! ते कलम तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केलं, हे बरं झालं.

डॉक्टरला नाव हवं असतं ते अकारण नाही. लोणीला ‘प्रवरा’ हे मोठं ग्रामीण रुग्णालय आहे. फवारणी करता करता चक्कर येऊन पडलेला माणूस अशा कोणत्याही रुग्णालयात आणा, पहिला प्रश्न येणार तो हाच, ‘कोणतं औषध मारत होता? बाटली आणली का?’ मोनोक्रोटोफॉस किंवा प्रोफेनोफॉस असेल, तर ते शरीरातलं एक विकर अडवतं, मग मज्जातंतूंचे निरोप थांबतच नाहीत. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, स्नायू फडफडतात. त्यावर अॅट्रोपिन आहे, प्रॅलिडॉक्सिम आहे. डायफेन्थियुरॉन असेल तर खास उतारा नाही, लक्षणं सांभाळत बसायचं. आणि पॅराक्वॅट पोटात गेलं असेल तर एरवी जीव वाचवणारा प्राणवायूच सरसकट लावला तर फुप्फुसाची हानी वाढवतो. तीन माणसं एकाच वॉर्डात, एकसारखीच तळमळणारी, आणि उपचार तिघांचे तीन. मधला फरक फक्त बाटलीवरच्या नावाचा.

राहात्याच्या जमिनीखाली कोणी वायू काढत नाही. पण रसायन अंगावर घेणारी माणसं इथेही आहेत. राहात्याचा पेरू प्रसिद्ध आहे. बहार धरला की फळमाशी, पिठ्या ढेकूण, मुळांवरच्या सूत्रकृमीच्या गाठी, एकेकावर एकेक औषध येतं. बागेच्या कडेला दोनशे लिटरचा ड्रम असतो. दुकानदाराने चिठ्ठीवर लिहून दिलेलं असतं, हे इतके मिली, ते इतके ग्रॅम. दोन औषधं, ती पानाला चिकटावीत म्हणून एक स्टिकर, वर एखादं टॉनिक एकाच ड्रममध्ये जातं आणि हाताशी असेल त्या काठीने, कधी हातानेच ढवळलं जातं. बाटल्या बांधावर पडतात. गडी पंप पाठीला लावून ओळीत शिरतो. घामाने भिजलेल्या कातडीतून औषध अधिक वेगाने आत जातं, आणि त्याला माहीत असतं इतकंच, की आज ‘अळीचं मारायचंय’.

इथे मात्र एक मोठा फरक आहे आणि तो आपल्या बाजूचा आहे. आपल्याकडे नाव गुपित नाही. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम यांनी बाटलीवर आणि सोबतच्या माहितीपत्रकावर घटकाचं नाव, लक्षणं, प्रथमोपचार आणि उतारा छापायला लावला. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी तिरपा चौकोन, खालचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा, आणि लालवर कवटी. अमेरिकेतल्या वायूपट्ट्यातल्या लोकांनी जे मिळवण्यासाठी वर्षं घालवली, ते आपल्या बांधावर पडलेल्या रिकाम्या बाटलीवर छापलेलं आहे. पण तो कागद माणसापर्यंत पोचत नाही. माहितीपत्रकाची अक्षरं मुंगीएवढी. बाटली मालकाच्या हातात, फवारा मजुराच्या अंगावर. आणि त्याच कायद्याचं ३८ वं कलम म्हणतं की स्वतः कसत असलेल्या जमिनीवर कीटकनाशक वापरलं तर हा कायदा लागू नाही. म्हणजे कायदा दुकानापर्यंत येतो आणि बांधावर थांबतो, जिथे खरी गरज सुरू होते. हे कलम बदललं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळमध्ये याची किंमत मोजली गेली. डोक्याच्या वर गेलेल्या कपाशीत फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजूर विषबाधेने रुग्णालयात गेले, एकट्या त्या जिल्ह्यात वीस किंवा त्याहून अधिक माणसं दगावली. अनेकांनी दोन-तीन औषधं एकत्र मारली होती. मिश्रणाचं नाव कुठल्याच बाटलीवर नसतं. प्रत्येक घटकाचा परिणाम स्वतंत्रपणे तपासलेला असतो, ड्रममध्ये ते एकत्र आल्यावर काय होतं ते फारसं कोणी तपासत नाही. फ्रॅकिंगच्या पाण्याबाबतही शास्त्रज्ञ हेच सांगतात. त्यात टॉनिकं म्हणून विकली जाणारी जैव-उत्तेजकं २०२१ पर्यंत कोणत्याच नियंत्रणात नव्हती. त्यांत काय आहे हे विकणाऱ्यालाही धड सांगता येत नसे. आपल्याकडचं गुपित असेल तर ते तिथे होतं.

म्हणून पेरूवाल्यांना, द्राक्षवाल्यांना, सगळ्याच बागाईतदारांना एक विनंती. ड्रम भरण्याआधी जेवढ्या बाटल्या त्यात रिकाम्या होणार, तेवढ्या सगळ्यांच्या लेबलांचा मोबाइलवर फोटो काढा. तो फवारणाऱ्या मजुराच्या आणि त्याच्या घरच्यांच्याही फोनवर पाठवा. रंगीत त्रिकोणाचा अर्थ त्याला समोर बसवून सांगा. ज्या टॉनिकवर घटक लिहिलेले नाहीत ते विकत घेऊ नका, दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी. आणि फवारणी संपेपर्यंत बाटल्या, माहितीपत्रकासकट, बांधावर एका जागी ठेवा. रात्री-अपरात्री गाडी लोणीकडे न्यायची वेळ आली तर डॉक्टरांच्या हातात आधी त्या द्यायच्या आहेत.