माहितीतला माणूस

कापसाचा हंगाम सुरू झाला की बोदवडच्या जिनिंगमध्ये भरती होते. ना जाहिरात, ना अर्ज. मजूर मुकादम आणतो आणि मुनीम मालकाच्या माहितीतला असतो. ज्याच्या हाती रोकड सोपवायची तो ओळखीचाच हवा, हे मला पटतं. पण आपल्याकडे ओळखी सोयरिकीतून आणि गल्लीतून होतात, म्हणजे जातीतूनच. त्यामुळे कुणाच्या मनात काळंबेरं नसलं तरी गल्ल्यावर एका समाजाची माणसं आणि गाठी उचलायला दुसऱ्या समाजाची, हे पिढ्यान्‌पिढ्या चालतं.

बोदवड ज्या जीआयपी रेल्वेवर होतं, तिथं एके काळी याला आडपडदाही नव्हता. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी हेच मांडलं: आपला माणूस गँगमनच राहतो, त्याला पोर्टरसुद्धा क्वचितच नेमतात, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामं करावी लागतात.

रेल्वेत पुढे आरक्षण आलं. खाजगी कंपन्यांत आली ती 'मेरिट'ची भाषा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे, फक्त नावं वेगळी असलेले अर्ज पाठवून पाहिले. २००७ साली निष्कर्ष छापून आले: दलित आडनावाला बोलावणं कमी, मुस्लिम नावाला त्याहूनही कमी. २०१२ च्या एका अभ्यासात देशातल्या हजार मोठ्या कंपन्यांचे संचालक मोजले, तर सुमारे ९३ टक्के उच्चवर्णीय निघाले. खालच्या दाराशी गाळणी असेल तर वरच्या मजल्यावर दुसरं काय दिसणार?

पुण्यातल्या आयटी कंपन्या कर्मचाऱ्याला 'रेफरल'चा बोनस देतात. मुकादमाची उचल आणि हा बोनस यांत मला फारसा फरक दिसत नाही. दोन्हीकडे माणूस माणसाला आणतो, आणि आपल्यातलाच आणतो. खेड्यातून पहिल्यांदाच इंजिनिअर झालेल्या पोराला आत कोण आणणार?

सेबी मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांकडून वार्षिक अहवालात महिला किती, दिव्यांग किती, हे मागते. जातीचा रकाना त्यात नाही. विचारलं तर जातीयवाद वाढेल, म्हणतात. आडनाव वाचता येतं तिथं हा युक्तिवाद लंगडाच. जिनिंगवाल्याकडे मी असा तक्ता मागणार नाही. चार महिन्यांचा त्याचा धंदा, सगळा विश्वासावर. पण हजारो माणसं नेमणाऱ्या कंपनीकडे स्वतंत्र मनुष्यबळ खातं असतं. निदान किती अर्ज आले, कुणाचे आले आणि कोण आत गेलं, एवढं तरी तिनं छापावं.