पहिली नोकरी आणि अनुभवाचा दाखला

परिचर्येचा अभ्यासक्रम पूर्ण करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झालेल्या मुलीला मुंबईत कामच मिळत नाही, असे सहसा होत नाही. अडचण वेगळी आहे : जिथे काम नीट शिकायला मिळेल अशी मोठी खासगी रुग्णालये एक-दोन वर्षांचा अनुभव मागतात, आणि अनुभव न विचारता घेणाऱ्या लहान नर्सिंग होममध्ये शिकवायला कोणालाच सवड नसते. त्यामुळे नवोदितांना नोकरी मिळवून देणे म्हणजे रोजगार मेळावे भरवणे, ही समजूत अपुरी ठरते.

साकीनाक्याच्या आसपास, म्हणजे जरीमरी, काजूपाडा, खैरानी रोड अशा दाट वस्तीच्या आणि कारखान्यांच्या पट्ट्यात, लहान खासगी रुग्णालयांवर लोकांची बरीच भिस्त असते, कारण महापालिकेची राजावाडी किंवा कुर्ल्याचे भाभा ही रुग्णालये कायम गर्दीने भरलेली असतात. जीएनएम, म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्राची तीन वर्षांची पदविका, घेऊन अशा ठिकाणी रुजू झालेल्या नव्या ‘सिस्टर’ला नाइट ड्युटी लवकर लागते, सोबतीला एखादी मावशी आणि शेजारच्या खोलीत आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर. सलाइन, इंजेक्शनची मात्रा, तापाचा तक्ता आणि सकाळचा हँडओव्हर हे सारे तिने एकटीने निभावायचे असते. यालाच पुढे अनुभव म्हणतात. मोठ्या रुग्णालयांत नवीन परिचारिकेला काही महिने एका अनुभवी परिचारिकेच्या देखरेखीखाली ठेवण्याची पद्धत आढळते. जिला ही देखरेख सर्वांत आधी मिळायला हवी, तिच्या वाट्याला ती येत नाही.

शिवाय हा अनुभव कागदावर उतरवण्याचा अधिकार मालकाकडे राहतो, आणि तिथेच नवोदितांची खरी कोंडी होते. 2011 मध्ये मुंबईतील काही खासगी रुग्णालयांतील परिचारिकांनी संप केला, तेव्हा वाद केवळ पगाराचा नव्हता. रुजू होताना ठेवून घेतलेली मूळ प्रमाणपत्रे आणि मुदतीआधी नोकरी सोडल्यास भरावी लागणारी बाँडची रक्कम हेही त्यातले कळीचे मुद्दे होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2016 मधील निर्देशानुसार केंद्राने नेमलेल्या समितीने, 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही परिचारिकेचे वेतन दरमहा 20,000 रुपयांपेक्षा कमी नसावे, अशी शिफारस केली. परंतु सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने तिची अंमलबजावणी राज्यांच्या इच्छेवर सोपवली गेली.

दरम्यान, फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि त्यात परिचारिकांचाही समावेश केला. त्यात गैर काही नाही. मात्र जर्मनीला माणसे पाठवण्याची तयारी करणाऱ्या राज्याला साकीनाक्यातील नर्सिंग होम आणि नुकती उत्तीर्ण झालेली परिचारिका यांच्यामध्ये उभे राहावेसे वाटू नये, हे विचित्र आहे.

त्यासाठी नवा कायदा लागेल, असेही नाही. मुंबईतील नर्सिंग होमची नोंदणी 1949 च्या कायद्याखाली महापालिका करते आणि तिचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. पात्र परिचारिकांचे योग्य प्रमाण नसल्यास नोंदणी नाकारण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. नूतनीकरणाच्या वेळी प्रत्येक परिचारिकेचे नेमणूकपत्र, बँकेत जमा झालेल्या पगाराचा पुरावा आणि सोडून गेलेल्या परिचारिकांना दिलेल्या अनुभव-दाखल्यांच्या प्रती महापालिकेने मागाव्यात, आणि नवोदितेला पहिले तीन महिने एकटीने नाइट ड्युटी लावू नये, ही अट नियमांत घालावी. खर्च वाढेल ही मालकांची तक्रार खोटी नाही. पण आज तो खर्च नवी परिचारिका आणि तिच्या हाती सोपवलेला रुग्ण सोसत आहेत, आणि त्या दोघांपैकी कोणालाही तो मालकापेक्षा अधिक परवडणारा नाही.