आजचं चिंतन : अभ्यास (गीता ६.३५)



नवरा अमेरिकन सैन्यात, सध्या आम्ही जर्मनीत. माझं मास्टर्स ऑनलाइन. न्यूयॉर्कचा संध्याकाळी ६ चा क्लास इथे रात्री १२ ला. काल तो मोहिमेवर निघाला, लेक रडत झोपली, मी लॅपटॉप उघडलाच नाही.

आज सहावा अध्याय काढला. मन वाऱ्यासारखं आवरत नाही म्हणणारा अर्जुन सैनिकच! कृष्ण आधी ते मान्य करतो, मग उपाय सांगतो : अभ्यास आणि वैराग्य. आपल्याला अभ्यास म्हणजे परीक्षा. इथे भटकलेलं मन पुन्हा पुन्हा परत आणणं. वैराग्य म्हणजे नवऱ्यावरची माया सोडणं नव्हे, त्याचं परत येणं माझ्या हातात नाही हे स्वीकारणं.

आज रात्री लेकीला थोपटून पुन्हा बसेन. तुमचं काय सुटलंय? आज परत या.

रामकृष्णहरी!